यूकेत लॉरीच्या लायसन्सवर शेजाऱ्यांनी हरकत घेतली तर काय करायचं

आपल्याकडे पेपरात जाहीर नोटीस येते ना, 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' वाली, ती वाचणारा माणूस मी आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. त्यामुळे इथे लोकल पेपरात माझ्या लॉरीच्या धंद्याच्या लायसन्सची, म्हणजे ऑपरेटर लायसन्सची, जाहिरात छापून आली तेव्हा मी निवांत होतो, म्हटलं कोण वाचतंय एवढ्याशा अक्षरातलं. बारा दिवसांत शेजाऱ्यांची हरकतीची नऊ पत्रं. इंग्लंडमधली रिटायर्ड माणसं लोकल पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात हे तेव्हा कळलं, आणि एकाने वाचलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत झालेलं असतं.

गेल्या काही वर्षांत आपली बरीच मंडळी इकडे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आलीत, लेस्टर, कॉव्हेंट्री, स्लाऊ, वेअरहाऊस जिथे तिथे, आणि लायसन्सवर हरकत आली की पहिला फोन सॉलिसिटरला जातो. गरज लागली तर जरूर करा, पण त्याआधी स्वतः करण्यासारखं खूप आहे आणि ते फुकट आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी दोन मिनिटांत पार्श्वभूमी. साडेतीन टनांच्या वरच्या गाडीने धंद्यासाठी माल वाहायचा तर ग्रेट ब्रिटनमधे गुड्स व्हेईकल ऑपरेटर्स लायसन्स लागतं, कायदा १९९५ चा. (नॉर्दर्न आयर्लंडचं वेगळं आहे, तिथल्यांनी हे वाचून निर्णय घेऊ नका.) लायसन्स देतो ट्रॅफिक कमिशनर. तो कौन्सिलचा माणूस नाही आणि पोलिसही नाही, जवळजवळ जजसारखा स्वतंत्र अधिकारी असतो, आणि त्याचं लायसन्सचं ऑफिस लीड्सला. गाड्या रात्री जिथे उभ्या राहणार त्या जागेला ऑपरेटिंग सेंटर म्हणतात आणि सगळं भांडण त्या जागेवरून होतं. लोकांचा तुमच्यावर राग नसतो, तुमच्या यार्डावर असतो, हे डोक्यात पक्कं ठेवलंत तर पुढची पत्रं वाचताना बीपी कमी वाढेल.

नवीन लायसन्स, नवीन यार्ड किंवा असलेल्या यार्डात गाड्या वाढवायच्या असतील तर जाहिरात द्यावीच लागते. ती अर्जाच्या आधीच्या २१ दिवसांपासून नंतरच्या २१ दिवसांपर्यंत केव्हाही छापून यायला हवी, आणि पेपरही त्या भागात खरोखर पोहोचणारा हवा. मजकूर ठरलेला आहे, त्यात स्वतःची हुशारी घालू नका. गाड्या किती, ट्रेलर किती, पत्ता काय, हे अर्जात आणि जाहिरातीत तंतोतंत एकच पाहिजे. एका ओळखीच्याने जाहिरातीत ट्रेलरचा आकडा चुकवला, सगळं परत छापावं लागलं, पैसे गेले ते गेलेच आणि शेजाऱ्यांना २१ दिवस नव्याने मिळाले. तेवढ्यात दोन पत्रं वाढली.

आकड्यावरून आठवलं. 'पुढेमागे लागतील' म्हणून दहा गाड्या मागणारे लोक आहेत. गाडी दारात एक, कागदावर दहा. शेजारी जाहिरातीत 'दहा' वाचतो आणि रात्रभर झोपत नाही. शिवाय स्टँडर्ड लायसन्सला (म्हणजे दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहायचं लायसन्स) पहिल्या गाडीसाठी ८,००० पाउंड आणि पुढच्या प्रत्येक गाडीसाठी ४,५०० पाउंड हाताशी आहेत हे दाखवावं लागतं, म्हणजे दहाचे ४८,५०० झाले. तीन मागितल्या असत्या तर १७,००० मधे काम होतं आणि शेजारी पण झोपला असता. येत्या वर्षा-दोन वर्षांत खरोखर लागतील तेवढ्याच मागा.

आता पत्रं. ती दोन जातीची असतात आणि हा फरक समजला की अर्धं काम झालं. एक म्हणजे अधिकृत हरकत, ती घेण्याचा हक्क कायद्याने मोजक्याच लोकांना दिलाय, पोलीस, लोकल कौन्सिल, प्लॅनिंग ऑथॉरिटी, आणि काही ट्रेड युनियन व ट्रान्सपोर्टवाल्यांच्या संघटना. हे लोक तुमच्या सचोटीबद्दल, पैशाबद्दल, यार्डाच्या तोंडाशी रस्त्यावर धोका आहे का, अशा कशाबद्दलही बोलू शकतात. पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली गावपातळीची पंचायत, या यादीत नाही, बरं का. लेटरहेड कितीही मोठं असलं तरी त्यांची जवळपास स्वतःची जमीन असेल तरच त्यांना बोलता येतं, तेही शेजारी म्हणून.

दुसरी जात शेजाऱ्यांची. यार्डाच्या आसपास ज्याचं घर किंवा जमीन आहे किंवा जो तिथे राहतो तो लिहू शकतो, पण फक्त पर्यावरणाच्या मुद्द्यावर, म्हणजे आवाज, धूर, हादरे, उजेड, डोळ्यांना होणारा त्रास, आणि त्यामुळे त्याला त्याचं घर-अंगण नीट वापरता येत नाही एवढंच. 'आसपास' म्हणजे किती फूट हे कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही, कमिशनर जागा बघून ठरवतो. पत्र जाहिरातीपासून २१ दिवसांत जायला हवं आणि त्याची कॉपी तुम्हाला पाठवायला हवी. उशिरा आलेलं पत्र बाद होऊ शकतं पण कमिशनर खास कारण असेल तर घेऊही शकतो, तेव्हा एक दिवस उशीर झाला म्हणून पेढे वाटू नका.

माझी गोष्ट सांगतो म्हणजे कळेल. गावाच्या कडेला छोटं इंडस्ट्रियल इस्टेट, त्यात शेवटचं यार्ड माझं, मागे लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे घरांच्या बागा. दोन रिगिड (एकसंध ट्रक) होत्या, पाच करायच्या होत्या. नऊ पत्रं डायनिंग टेबलवर मांडली आणि तीन रंगांची पेनं घेऊन बसलो. घराची किंमत पडेल, हे दोन पत्रांत, ते कमिशनर विचारात घेत नाही. गावात आधीच ट्रक फार झालेत, हे तीन पत्रांत, तेही नाही, कारण गाडी सार्वजनिक रस्त्याला लागून पुढे गेली की तो तिचा हक्काचा रस्ता आहे, कमिशनर बघतो ते यार्ड आणि यार्डात यायची-जायची वाट. एकाने लिहिलं होतं की 'अशा लोकांना' इथे धंदाच का करू देतात, त्यावर मी काहीही केलं नाही, बायकोने ते पत्र उचलून ढिगाच्या तळाशी घातलं. उरली तीन पत्रं. त्यातलं एक अगदी कुंपणापलीकडच्या आजीबाईंचं, निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं, आणि त्यात तारखा होत्या. मंगळवार, पहाटे ४:५०, इंजिन सुरू, ५:१२ ला गाडी बाहेर. बुधवार ४:४६. अशी दीड पानं.

हे एक पत्र बाकीच्या आठांना भारी होतं. लोकांना वाटतं पन्नास सह्यांचा अर्ज आला की खेळ खलास. हे मतदान नाहीये. पन्नास जणांनी एकाच छापील कागदावर 'आम्हाला नको' म्हणणं एकीकडे, आणि एका बाईने वही ठेवून मिनिटं लिहिणं एकीकडे.

मग मी पहिली चांगली गोष्ट केली ती म्हणजे त्यांच्या दारात गेलो. दुपारी, फोन न करता पण हातात यार्डाचा नकाशा घेऊन, आणि वकिली भाषा घरी ठेवून. त्यांनी चहा दिला नाही, सरळ मागच्या बेडरूममधे नेलं आणि खिडकी उघडली. खाली माझी गाडी दिसत होती, नाक कुंपणाकडे. 'सकाळी ही इथून मागे घेतात,' एवढंच म्हणाल्या. म्हणजे काय होतं बघा, ड्रायव्हर संध्याकाळी दमून येतो, गाडी नाकासमोर सरळ आत घालतो आणि जातो. पहाटे थंड इंजिन त्यांच्या खिडकीखाली सुरू होणार, हवेची टाकी भरेपर्यंत घरघर, मग ब्रेकचं फुस्स, मग रिव्हर्सचं पीप पीप पीप अख्खं यार्डभर, आणि वळताना हेडलाइटचा पट्टा त्यांच्या छतावरून फिरणार. मी रोज त्या यार्डात जात होतो पण पहाटे पाचला त्या खिडकीत कधी उभा राहिलो नव्हतो, कसा राहणार.

उपाय एका संध्याकाळचा निघाला. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या, गाड्या संध्याकाळी उलट्या लावायच्या, शेपूट इस्टेटच्या भिंतीला आणि नाक गेटकडे, म्हणजे पहाटे एकदाही रिव्हर्स नाही. कुंपणाकडची पट्टी रिकामी, तिथे फक्त ड्रायव्हरांच्या कार. पीप पीपच्या जागी तो नवीन 'खर्र खर्र' आवाजाचा अलार्म बसवला, ब्रॉडबँड म्हणतात त्याला, तो गाडीच्या मागे उभ्या माणसाला नीट ऐकू येतो पण लांबवर टोचत नाही. फ्लडलाइट खाली वळवून टायमरवर टाकला. तुमच्याकडे फ्रिजची गाडी असेल तर तिचं युनिट रात्रभर चालतं, तिला सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात विजेच्या प्लगपाशी जागा द्या. टेल-लिफ्ट (माल उतरवायची मागची फळी) आपटणं, साखळ्या फेकणं, रेडिओ, पहाटे मोठ्याने गप्पा, हे सगळं शेजाऱ्यांच्या वहीत असतं आणि यातलं काहीही थांबवायला पैसे लागत नाहीत.

भेटायला जाताना दोन गोष्टी सांभाळा. एक, कोणालाही पैसे, कुंपण बांधून देतो, असलं काही पत्र मागे घ्यायच्या बदल्यात देऊ नका, ते फार वाईट दिसतं. कुंपण बांधायचंच असेल तर बांधा आणि कमिशनरला कळवा, सौदा करू नका. दुसरं, गावाच्या फेसबुक ग्रुपवर उत्तरं देऊ नका. मला पण रात्री बाराला फार चांगली उत्तरं सुचत होती. त्या स्क्रीनशॉटचं पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको.

भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळी लिहून त्यांना पाठवा, काय बोलणं झालं, तुम्ही काय करणार. ते पत्र मागे घेतील असं नाही, आजीबाईंनी घेतलं नाही. पण तुम्ही गेलात, ऐकलंत आणि बदललंत हे कागदावर येतं.

यानंतर लीड्सहून तुम्हाला विचारणा येते की या मुद्द्यांवर तुमचं म्हणणं काय. इथे आपली माणसं दोनपैकी एक चूक करतात. काही जण सहा पानं लिहितात, मी किती टॅक्स भरतो, किती लोकांना नोकरी देतो, शेजारी कसा खोटारडा. त्याचा उपयोग नाही. मुद्द्याला मुद्दा लिहा. कमिशनरला कायद्याने ज्या गोष्टी बघाव्या लागतात त्याच क्रमाने दिलंत तर त्याचंही काम सोपं होतं, म्हणजे आजूबाजूला जमीन कसली आहे, तिथे आधीपासून काय चालत होतं, गाड्या किती आणि केवढ्या, कुठे उभ्या राहणार, किती वाजता किती वेळा ये-जा, यार्डात कुठलं मशीन कधी चालणार. आधीपासून ऑपरेटिंग सेंटर असलेली जागा असेल तर तुमच्यामुळे किती भर पडते हा प्रश्न असतो, नुसतं 'त्रास आहे' एवढं पुरत नाही. सोबत नकाशा लावा, त्यात बाण काढा, फोटो लावा. आमचा नकाशा मुलीने शाळेच्या पट्टीने काढला होता, तो चालला.

दुसरी चूक जास्त महाग पडते. घाबरून कबूल करत सुटणं. कमिशनर लायसन्सला अटी लावू शकतो, गाड्यांची संख्या, ये-जा करायच्या वेळा, दुरुस्ती कधी करायची, गाड्या कशा उभ्या करायच्या, कुठल्या गेटने यायचं. आणि अट मोडणं हा सरळ गुन्हा आहे, नुसती समज देऊन सोडण्यातली गोष्ट नाही. मी पहिल्या मसुद्यात छान लिहिलं होतं की सकाळी ७ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर एकही गाडी हलणार नाही. बायको हिशेब बघते, तिने वाचलं आणि विचारलं, शुक्रवारी गाडी एमवन मोटरवेवर अडकली आणि सव्वासातला गेटवर आली तर ती कुठे उभी करणार, रस्त्यावर? भीड भिकेची बहीण म्हणतात ते हेच. आम्ही मागच्या तीन महिन्यांचे टॅकोग्राफ (गाडी कधी चालली-थांबली त्याची यंत्राने केलेली नोंद) काढले, प्रत्येक गाडी खरंच किती वाजता निघते आणि येते ते लिहून काढलं, आणि मग अट मांडली. सोमवार ते शुक्रवार पहाटे साडेपाचच्या आधी गाडी हलणार नाही, साडेपाच ते साडेसहात जास्तीत जास्त दोन निघतील, परत येण्याला वेळेचं बंधन नाही पण रात्री आठनंतर चढवणं-उतरवणं बंद, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी दुरुस्ती नाही, रविवारी गाडी हलणार नाही. आणि पाचच्या चार केल्या, कारण पाचवी उलटी लावायला जागा पुरत नव्हती हे पिवळ्या पट्ट्या मारतानाच कळलं होतं. पहिल्या फेरीच्या गिऱ्हाइकाला फोन करून डिलिव्हरी अर्धा तास पुढे ढकलली, तो एका मिनिटात हो म्हणाला, मी तीन वर्षं विचारलंच नव्हतं.

त्या अटींवर लीड्सने शेजाऱ्यांना विचारलं, दोघे हो म्हणाले, आजीबाई नाही म्हणाल्या, आणि कमिशनरने कागदांवरच निर्णय देऊन चार गाड्या मंजूर केल्या. सुनावणी झाली नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. डीव्हीएसएचा (गाड्या आणि ऑपरेटर तपासणारी सरकारी संस्था) माणूस जागा बघायला येऊ शकतो, कमिशनर स्वतः येऊ शकतो, तेव्हा यार्ड रोज जसं असतं तसंच असू द्या, फक्त त्या दिवशी चकाचक केलेलं त्यांना ओळखू येतं. प्रश्न सुटला नाही तर पब्लिक इन्क्वायरी लागते. नावाने घाबरू नका, ती सुनावणी आहे, एक मोठी खोली, समोर कमिशनर, शेजारी बोलतात, तुम्ही बोलता, एकमेकांना प्रश्न विचारता येतात. एका मित्राच्या वेळी मागे बसलो होतो. त्याला विचारलं, गाडी उलटी लावायला जागा किती मीटर, तो म्हणाला 'भरपूर'. परत विचारलं. परत 'भरपूर'. तिथेच हवा गेली. टेप घेऊन मोजून जा. सॉलिसिटर घ्यायचा तर या टप्प्यावर घ्या, आणि ट्रान्सपोर्टचं काम रोज करणारा घ्या, घराची खरेदी-विक्री करणारा ओळखीचा नको.

निर्णय विरोधात गेला तर अपील अप्पर ट्रिब्युनलला, मुदत थोडी असते, पत्र हातात पडल्या दिवशीच वाचा. अधिकृत हरकत घेणाऱ्यालाही अपील करता येतं, शेजाऱ्याला येत नाही, त्याला फार तर हायकोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे निर्णय कायदेशीर पद्धतीने झाला का एवढंच कोर्टाने तपासणं.

कौन्सिलची प्लॅनिंग परमिशन, म्हणजे जागा कशासाठी वापरायची त्याची परवानगी, ही वेगळीच भानगड. लायसन्स मिळालं म्हणजे प्लॅनिंग मिळालं असं नाही आणि उलटही नाही. पण प्लॅनिंगमधे वेळेची अट असेल आणि तुम्ही लायसन्सला वेगळ्या वेळा लिहिल्यात तर कौन्सिल स्वतःच हरकत घेईल, तेव्हा यार्ड भाड्याने घेण्याआधी कौन्सिलच्या साइटवर त्या पत्त्याचे जुने अर्ज वाचून काढा. तासाभराचं काम आहे. घरमालक 'सब ठीक है' म्हणाला यावर जाऊ नका.

एक रस्ता बऱ्याच जणांना माहीतच नसतो. दुसऱ्या ऑपरेटरच्या लायसन्सवर असलेली जागा तुम्ही त्याच्याकडून तशीच घेत असाल, गाड्या न वाढवता, त्याच्या अटींसकट, तर कायद्यातल्या शेड्यूल ४ खाली ती बदली होऊ शकते. मग जाहिरात नाही आणि शेजाऱ्यांच्या हरकतीही नाहीत. जुना ऑपरेटर जाण्याआधी त्याच्याशी बोलायला हवं, त्याने लायसन्स सोडून दिलं की तो दरवाजा बंद.

आणि लायसन्स हातात येण्याआधी त्या यार्डातून एकही गाडी काढू नका. हरकत आलीय म्हणजे कोणीतरी खिडकीत फोन घेऊन उभं आहे. तो फोटो गेला की विषय आवाजाचा राहत नाही, तुमच्या सचोटीचा होतो, आणि ते सांभाळणं कित्येक पटींनी अवघड. घाई असेल तर इंटेरिम, म्हणजे तात्पुरतं, लायसन्स मागता येतं, पण शेजाऱ्यांचा प्रश्न सुटलेला नसताना ते मिळेल असं धरून चालू नका, गिऱ्हाइकाला तारीख देऊ नका.

मंजुरीनंतर अटींचा कागद फाइलमधे गेला की संपलं असं होतं. आम्ही तो लॅमिनेट करून गेटच्या आतल्या बाजूला आणि प्रत्येक केबिनमधे लावलाय, कारण अट मोडतो तो नेहमीचा ड्रायव्हर नसतो, एजन्सीचा असतो, सोमवारी पहिल्यांदा आलेला, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. दर पाच वर्षांनी कमिशनर ऑपरेटिंग सेंटर परत तपासू शकतो आणि मधल्या काळातल्या तक्रारी तेव्हा बाहेर येतात. आजीबाईंना मी माझा मोबाइल नंबर दिलाय. आत्तापर्यंत चार वेळा फोन आला, त्यातल्या तीन वेळा गाडी आमची नव्हती, इस्टेटमधल्या दुसऱ्याची होती, चौथ्या वेळी आमचीच होती.